उद्यावर लोटलेले काम

‘प्रोक्रॅस्टिनेशन’ हा शब्द आता मराठी विद्यार्थ्यांच्याही तोंडी रुळला आहे. त्याचे मूळ लॅटिन. ‘क्रास’ म्हणजे उद्या, ‘क्रास्तिनुस’ म्हणजे उद्याचे, आणि ‘प्रो’ म्हणजे पुढे. काम उद्यावर लोटणे, एवढाच त्याचा व्युत्पत्त्यर्थ. इंग्रजीत तो सोळाव्या शतकात आला. पण त्यातील दोषारोप फार जुना आहे. इ. स. पू. ४३ मध्ये मार्क अँटनीविरुद्धच्या एका भाषणात सिसेरोने तो वापरला, तो निषेधासाठीच.

लॅटिनमध्ये विलंबासाठी आणखी एक धातू होता : ‘कुंक्तारी’. इ. स. पू. २१७ मध्ये त्रासिमेनो सरोवराकाठी हॅनिबलने रोमन सैन्याचा धुव्वा उडवला, तेव्हा सूत्रे फाबियस मॅक्सिमसकडे आली. समोरासमोरची लढाई टाळून तो शत्रूला झिजवत राहिला. रोमने त्याला हिणवले. पुढल्याच वर्षी कॅनीच्या रणांगणावर रोमन सैन्याचा संहार झाला आणि ‘कुंक्तातोर’, म्हणजे रेंगाळणारा, ही उपाधी गौरवाची ठरली. लंडनच्या फेबियन सोसायटीने १८८४ मध्ये त्याचेच नाव घेतले. इंग्रजीतला ‘कंक्टेशन’ मात्र कोशापुरताच उरला.

मराठीने हा भेद जपला आहे. फारसीतून आलेली ‘दिरंगाई’, घरची ‘चालढकल’, गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याला लावलेले ‘दीर्घसूत्री’ हे विशेषण एकीकडे, ‘सबुरी’ दुसरीकडे. सगळ्यांवर एकच आयता शब्द चिकटवला की हा विवेक हरवतो.

या दोहोंतला फरक ओळखायचा कसा? आमच्या मते, विलंबाची किंमत कोण मोजतो हे पाहावे. फाबियसने लोकनिंदा स्वतः सोसली.

हे लिहिताना आम्हांला आमच्याच टेबलावरचे एक हस्तलिखित आठवते. एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाचे पहिले प्रकरण आमच्याकडे पाच महिने पडून होते. ‘सावकाश, नीट वाचतो आहोत’ असे आम्ही तिला सांगत राहिलो. वास्तविक आम्ही पहिल्या दहा पानांपलीकडे गेलोच नव्हतो. शेवटी तिने विचारणेच सोडले. त्या पाच महिन्यांना आम्ही सबुरी म्हणत होतो; ती चालढकल होती, आणि तिची किंमत तिने मोजली.