'ऑल-सीझन' : पण ऋतू कोणाचे?

१/ गाडीचे टायर बदलताना 'ऑल-सीझन' हा शब्द मोह घालतो. परंतु प्रत्येक शब्दाला जन्मस्थान असते.

२/ १९३६ साली फिनलंडमध्ये 'हाक्कापेलिट्टा' हा हिवाळी टायर आला. हिवाळ्यात निराळे टायर चढवायचे आणि वसंतात उतरवायचे, ही हिमप्रदेशातील रीत. हा खटाटोप टाळण्यासाठी १९७७ मध्ये अमेरिकेतील गुडइयरने 'टिएम्पो' हा बारमाही रेडियल टायर विक्रीस आणला.

३/ म्हणजे या नावातील मुख्य तडजोड उन्हाळा आणि हिम यांच्यातील आहे. आपला पावसाळा तिच्या केंद्रस्थानी नव्हता.

४/ परफॉर्मन्स टायरचे मऊ रबर उबदार रस्त्यावर, ओल्यातही, उत्तम पकड घेते. मात्र ते लवकर झिजते आणि सुमारे ७ अंश सेल्सिअसखाली ताठरते.

५/ म्हणून माझे मत असे : शिकागोतील मराठी कुटुंबाने ऑल-सीझनचा विचार अवश्य करावा. वरंध घाटातून कोकणात उतरणाऱ्याने मात्र नावाला न भुलता ओल्या रस्त्यावरील पकड आणि खाचांची खोली पाहावी. साचलेले पाणी बाजूला सारतात त्या खाचाच. झिजेची खूण १.६ मिलिमीटरवर असते. ती उघडी पडेपर्यंत थांबणे म्हणजे पावसाशी जुगार.

६/ इतिहास वाचणाऱ्याने वस्तू घेतानाही विचारावे : ही कोणत्या भूमीसाठी घडली?