सत्याग्रहाचे शास्त्र विसरू नका

दरवर्षी १८ जूनला मडगावच्या लोहिया मैदानावर पुष्पचक्रे वाहिली जातात, भाषणे होतात, आणि दुसऱ्या दिवशी मैदान आपल्या नित्याच्या वर्दळीला लागते. पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकावरही याहून निराळे घडत नाही. हे स्मरण अवश्य व्हावे. परंतु आम्हांस खटकते ते असे की, या सोहळ्यांत त्यागाचे गुणगान पुष्कळ होते, त्यागामागील योजनेचा मात्र उच्चारही होत नाही. लोक भर पावसात जमले, त्यांनी मार खाल्ला, ते तुरुंगात गेले, एवढेच नव्या पिढीच्या कानी पडते. ते त्याच मागणीसाठी का जमले, हे तिला कोण सांगणार?

१९४६ साली डॉ. राममनोहर लोहिया असोळणे येथे डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्या घरी आले, ते विश्रांतीसाठी. त्या काळी गोव्यात सभा घ्यावयाची तर सरकारची परवानगी हवी, छापावयाचे तर सेन्सॉरची मोहोर हवी. लोहियांनी नेमके हेच मर्म हेरले आणि आघाडीवर मागणी ठेवली ती नागरी स्वातंत्र्याची. सभेचा हक्क मिळविण्यासाठी सभाच भरवावयाची! सरकारने ती होऊ दिली तर निर्बंध मोडला. उधळली तर त्या निर्बंधाचे जुलमी स्वरूप जगापुढे उघडे पडले. १९३० साली गांधीजींनी मिठाची निवड केली तीही अशाच दृष्टीने. त्याच वर्षी आपल्या सीमेलगत शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, हे किती गोमंतकीयांस ठाऊक आहे?

यावर कोणी विचारील की, १५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून आले, वीसहून अधिक जण गोळ्यांना बळी पडले, तरी मुक्ती मिळाली ती १९ डिसेंबर १९६१ रोजी, सैन्याच्या कारवाईने. मग अहिंसा हरली काय? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळणे हा हुतात्म्यांचा सन्मान नव्हे. कोणतीही सत्ता आज्ञा पाळणाऱ्यांच्या खांद्यावर उभी असते. गोव्यातील पोर्तुगीज सत्तेचे मुख्य खांदे गोव्यात नव्हतेच. ते लिस्बनमध्ये आणि बाहेरून आणलेल्या फौजेत होते. तेथवर सत्याग्रह्यांचा हात पोहोचला नाही. मात्र गोव्याची जनता आपल्या राज्यात संतुष्ट आहे, हा सालाझारचा दावा त्यांनीच खोटा पाडला. पुढे २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये खुद्द सैन्यानेच पाठ फिरविली, लोक फुले घेऊन रस्त्यावर उतरले, आणि जवळजवळ अर्धशतकाची हुकूमशाही एका दिवसात कोसळली. त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

सत्याग्रह म्हणजे केवळ मार सोसण्याची तयारी नव्हे. सामान्य माणसास चटकन पटेल अशी मागणी निवडणे, प्रतिपक्षाचा आधार कोठे आहे ते ओळखणे, शिस्त अंगी बाणविणे, पुढारी पकडले गेले तर दुसरी फळी सिद्ध ठेवणे, तुरुंगात गेलेल्यांच्या घरची चूल विझू न देणे, हे सारे त्यात येते. आजच्या आंदोलनांत याची वाण दिसते. मोर्चातून एक दगड भिरकावला गेला की मागणी मागे पडते आणि चर्चा उरते ती दगडाची; सरकारला आणखी काय हवे?

म्हणून आमची सूचना साधी आहे. येत्या १८ जूनला शाळा-महाविद्यालयांतून मडगावच्या त्या सभेची आखणी शिकवावी, तिच्यावर वाद घडवावा. त्या लढ्याचे साक्षीदार आता मोजकेच उरले आहेत; जे आहेत त्यांच्या आठवणी विनाविलंब नोंदवून घ्याव्यात. पुष्पचक्र दुसऱ्या दिवशी कोमेजते. अन्यायाशी निःशस्त्र झुंजण्याची विद्या मात्र एका पिढीने दुसरीच्या हाती दिली, तरच टिकते.