कमरेला काय लावलंय ते दिसायला नको

आमच्या मावळात सध्या दोन गोष्टी मुबलक आहेत. एक, "प्लॉट विकणे आहे"च्या पाट्या. दुसरी, लग्नसराईत कडक इस्त्रीच्या शर्टाबाहेर लटकणारी रिव्हॉल्व्हरं. पहिलीतून दुसरी कशी निघते हे मळवली, कार्ला, भाजे, पाटण या पट्ट्यात राहणाऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. एक्स्प्रेसवे आला, बंगले आले, गुंठ्याचे भाव आकाशाला भिडले, आणि ज्याच्या आज्याच्या कमरेला आकडी नि कोयता असायचा त्याच्या कमरेला कानपूरचं पॉइंट बत्तीस आलं.

हा विषय काढायचं कारण घरातलंच आहे. माझ्या भाच्याला परवाना मिळाला. (तो हे वाचणार आहे. वाच रे बाबा, नीट वाच.) त्याने मला फोन करून विचारलं, "मामा, होल्स्टर कुठलं घेऊ? उजवीकडे लावू, पाठीमागे लावू, का ते खांद्यावरून येतं ते घेऊ?" मी विचारलं, तुला काय वाटतं? तर म्हणाला, "पाठीमागे लावलं की वाकल्यावर जरा दिसतं, तेवढं बरं असतं."

तेवढं बरं असतं! या तीन शब्दांशी माझं भांडण आहे.

आधी कायदा बघू, कारण परवानाधारक मंडळी परवाना फ्रेम करून ठेवतात पण वाचत नाहीत. २०१६ च्या शस्त्र नियमांत साफ लिहिलं आहे की सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचं तर ते त्यासाठी केलेल्या होल्स्टरमध्ये अंगाला बांधलेलं हवं किंवा तशाच एखाद्या पिशवीत हवं, ते पूर्णपणे झाकलेलं हवं, आणि बाळगणाऱ्याचा त्याच्यावर परिणामकारक ताबा हवा. पूर्णपणे झाकलेलं म्हणजे मूठ बाहेर आणि नळी आत असं नव्हे. जाकिटाचं बटण उघडं ठेवून बसणं नव्हे, आणि "वाकल्यावर जरा" तर नव्हेच नव्हे. परवान्याच्या अटींमध्ये आणखी एक जुनी अट आहे. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची खास परवानगी नसेल तर हत्यार जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, जाहीर जमावात किंवा शाळा-कॉलेजच्या आवारात न्यायचं नाही. आता मला सांगा, आपल्याकडे रिव्हॉल्व्हर नेमकी कुठे कुठे दिसतात? गावच्या जत्रेत, मिरवणुकीत, बैलगाडा शर्यतीच्या घाटात, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला. जिथे नेऊ नका म्हटलंय त्या यादीचा लोकांनी कार्यक्रमपत्रिका म्हणून उपयोग केलेला आहे.

तर सांगायचा मुद्दा असा की होल्स्टर कुठे लावायचं हा प्रश्न आपल्याकडे बघणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघून सोडवला जातो. तो सोडवायचा असतो स्वतःच्या हाताकडे आणि शरीराकडे बघून.

यावर मला हमखास ऐकवलं जातं की दिसलं म्हणजे धाक राहतो, कोणी वाटेला जात नाही. हे बोलणारे बहुतेकजण गाडीच्या मागच्या काचेवर महाराजांचं चित्र लावणारे असतात म्हणून त्यांच्याच भाषेत उत्तर देतो. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा. अंगरख्याखाली चिलखत, मुठीत वाघनखं, आणि परंपरा सांगते तो अस्तनीतला बिचवा. शामियान्यात शिरताना अफझलखानाला यातलं काय दिसलं? काहीच नाही. आपल्या इतिहासातल्या सगळ्यात प्रसिद्ध हत्याराचं सगळं महत्त्व ते झाकलेलं होतं यात आहे. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याला आली तेव्हा बघायला रांगा लागल्या. (ती तीच का, हा वाद निराळा, खुद्द लंडनवाल्यांनीही छातीठोक सांगितलेलं नाही.) रांगेतल्या कितीजणांच्या डोक्यात आलं असेल की ही वस्तू काचेच्या पेटीत ठेवायची वेळ येईपर्यंत कुणालाच दिसू नये म्हणून बनवलेली होती?

धाकाचं आणखी एक. दिसणारं हत्यार प्रत्येक भांडणाला चिकटतं. बांधाचं भांडण, पार्किंगचं भांडण, टोलनाक्यावरची बाचाबाची, सगळ्यात ते तिसरा माणूस म्हणून उभं असतं. शेजारच्या मुळशीतला तो व्हिडिओ २०२४ च्या जुलैमध्ये अख्ख्या महाराष्ट्राने पाहिला. जमिनीचा वाद, समोर शेतकरी, आणि हातात पिस्तूल. त्यातून गुन्हा दाखल झाला, अटक झाली. जमीन कुणाची हा प्रश्न त्या पिस्तुलाने सुटला का?

असो. भाच्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं, नाहीतर तो म्हणेल मामाने भाषण दिलं आणि मुद्द्याचं सांगितलंच नाही.

जाणकार लोक कमरेच्या जागा घड्याळाच्या आकड्यांनी सांगतात. बेंबी म्हणजे बारा, उजवा कुल्ला तीन, पाठीचा कणा सहा. भाच्याला आवडलेली जागा सहाची. सगळ्यात वाईट जागांमध्ये मी तिला वरचा नंबर देईन. एकतर ती तुम्हाला दिसत नाही, मागच्याला दिसते. मळवलीहून पुण्याला जाणारी सकाळची लोकल आठवा, त्या गर्दीत तुमच्या पाठीशी कुणाचा हात आहे ते तुम्हाला कळतं का? पाकीट गेलेलं शिवाजीनगरला उतरल्यावर कळतं. दुसरं म्हणजे आपले रस्ते. पावसाळ्यात लोहगडच्या रस्त्यावर मोटारसायकल घसरून माणूस पाठीवर आपटला तर मणक्याखाली लोखंडाचा गोळा नको. आणि बसल्यावर, विशेषतः गाडीत, त्या जागेवर पाठ टेकवून हत्यार काढून दाखवा. जमलं तर मला कळवा :-)

पुढची जागा, एक वाजता, म्हणजे पोटाच्या उजव्या अंगाला. परदेशी व्हिडिओंमुळे ही आपल्याकडच्या पोरांमध्ये लोकप्रिय आहे. हात पटकन पोचतो, झाकता येतं, आणि कुणी ओढायला आलं तर दोन्ही हातांनी धरता येतं, हे तिन्ही गुण खरे आहेत. पण खाली बसलं की नळी स्वतःच्या मांडीकडे आणि त्याहून नाजूक ठिकाणी रोखलेली असते, आणि मांडीतली मोठी रक्तवाहिनी तिथूनच जाते. रोज सराव असणाऱ्याने, चाप पूर्ण झाकणाऱ्या टणक होल्स्टरमध्येच, हे करावं. आपल्याकडे पोट सुटलेली मंडळी नुसतं पॅन्टीत खोचतात. अमेरिकेत २००८ साली प्लॅक्सिको बरेस नावाच्या नावाजलेल्या फुटबॉलपटूने न्यूयॉर्कच्या क्लबात असंच ट्रॅकपॅन्टीत पिस्तूल खोचलं होतं. ते घसरलं, धरायला गेला आणि गोळी स्वतःच्याच मांडीत. वर दोन वर्षांची शिक्षा, कारण त्या शहराचा परवाना नव्हता. ट्रॅकपॅन्टीचं इलॅस्टिक काय आणि आपल्या लेंग्याची नाडी काय, पाऊण किलोच्या आसपासचं ओझं पेलणं हे दोघांचंही काम नाही. कुर्ता-लेंगा घालणाऱ्या पुढाऱ्यांनी याचा विचार केलेला दिसत नाही. ते बंडीच्या खिशात टाकतात, त्याच खिशात गाडीची किल्ली आणि तंबाखूची डबी. चापाच्या कडीत किल्ली शिरायला किती वेळ लागतो?

खांद्याचं होल्स्टर सिनेमात छान दिसतं. त्यात आडवं ठेवलेल्या हत्याराची नळी मागच्या माणसाकडे असते, म्हणजे पंगतीत तुमच्या पाठीमागे जी पोरं बसलीत त्यांच्याकडे. आणि ते झाकायला कायम कोट हवा, मे महिन्यातसुद्धा. घोट्याच्या होल्स्टरबद्दल एवढंच म्हणेन की आपल्याकडे देवळात, घरात, माजघरात चपला काढून मांडी घालून बसतात.

उरली साधी जागा. उजव्या कुल्ल्याच्या जरा मागे, तीन ते चारच्या दरम्यान, पॅन्टच्या आतल्या बाजूला, रुंद जाड पट्ट्याला घट्ट, वरून सैल शर्ट बाहेर सोडलेला. यात काहीच रुबाब नाही आणि तोच तिचा गुण. हात सरळ खाली जातो तिथेच मूठ असते, कोपराने दाबून धरता येते, नळी जमिनीकडे राहते. अमेरिकन लोक म्हणतात की गाडीत ही जागा अडते, कारण त्यांच्या सीटबेल्टचं बकल उजव्या कुल्ल्यापाशी येतं. आपल्या गाड्यांचं स्टीअरिंग उजवीकडे, म्हणून चालकाचं बकल डावीकडे येतं. दुसऱ्या देशाचा सल्ला घेताना एवढंही कुणी बघत नाही.

होल्स्टर टणक हवं, चाप पूर्ण झाकणारं, आणि उडी मारली तरी हत्यार न सुटणारं. बाजारातली कापडी मऊ पाकिटं नकोत, त्यांची घडी आत वळते आणि हत्यार परत घालताना चापात अडकते. चामड्याचं घेतलंस तर हत्यार त्यात घालून कपाटात ठेवू नकोस. आपल्याकडे जुलैत दहा दिवस न घातलेल्या चपलेवर बुरशी येते, तिथे चामड्यात ओल धरून पोलादाचं काय होईल ते सांगायला नको.

पण जागा बरोबर निवडली म्हणजे झालं असं नाही, कारण नियमातला दुसरा शब्द आहे "ताबा", आणि मला जास्त काळजी त्याची आहे. माणूस दिवसातून किती वेळा ते अंगावरून काढतो? बाथरूमला जाताना, जेवताना, गाडीत बसल्यावर टोचतं म्हणून. मग ते डॅशबोर्डच्या कप्प्यात जातं, बायकोच्या पर्समध्ये जातं, उशीखाली जातं. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात एका आईच्या पर्समधलं पिस्तूल तिच्या दोन वर्षांच्या मुलाच्या हाताला लागलं. दुकानात, सामानाच्या ढकलगाडीत बसलेलं पोर. ती जागीच गेली. आणि ती पर्स साधी नव्हती, खास पिस्तूल ठेवण्यासाठी बनवलेली होती. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे मुंबईत अभिनेता गोविंदा यांच्या हातून परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना पडलं आणि गोळी त्यांच्याच पायात गेली. त्याच वर्षी ८ फेब्रुवारीला दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना ज्या पिस्तुलाने मारलं ते मारणाऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं. परवाना एकाचा, हात दुसऱ्याचा. आमच्याकडे "जरा धर रे" म्हणून ड्रायव्हरच्या हातात देणारे मी स्वतः पाहिलेत.

काही नातेवाईक म्हणतील, तुला बोलायला काय जातंय, धोका आम्हाला आहे. धोका खोटा आहे असं मी म्हणतच नाही. १३ जानेवारी २०१० ला तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टींना सकाळी फिरायला निघाले असताना मारलं. जमिनींचे व्यवहार माहिती अधिकारातून उघड करणारा माणूस, आणि त्यांनी पोलीस संरक्षण मागितलेलं होतं. या तालुक्यात जमिनीपायी जीव जातात हे आम्हाला चांगलं माहीत आहे. म्हणूनच ज्याला खरी भीती आहे त्याचं वागणं कसं असतं ते ओळखता येतं. तो हत्यार झाकतो, सरावाला जातो, जत्रेत नेत नाही, दारू पिणार असेल त्या दिवशी कुलपात ठेवतो. ज्याला मिरवायचं असतं त्याचं रिव्हॉल्व्हर निवडणुकीची आचारसंहिता लागून पोलीस ठाण्यात जमा करायची वेळ आली की मगच त्याला एकाएकी जिवाची भीती आठवते. मतमोजणी झाली की जत्रेला पुन्हा हजर.

भाच्याला माझं सांगणं असं. चारच्या जागेवर, आतून, झाकून लाव, आणि महिनाभर घरात रिकामं लावून बघ. उठताना, बसताना, पोरीला कडेवर घेताना. पोरीला कुठल्या कडेवर घेतोस ते आधी बघ. महिन्यानंतरही टोचतंय, काढून ठेवावंसं वाटतंय, कुणाला दिसत नाही म्हणून चुकल्यासारखं होतंय, यातलं काहीही झालं तर ते तुझ्यासाठी नाही. सरळ जमा करून टाक.

आणि डिसेंबरात आपल्या घरात लग्न आहे. हवेत बार काढण्यावर २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलंय, पण मला बार निघेपर्यंत थांबायचं नाही. मी दादाला सांगितलंय की पत्रिकेत "कृपया आहेर आणू नये" छापतोसच, त्याच्याखाली "हत्यार आणू नये" हेही छाप. तो म्हणतो पाहुणे काय म्हणतील. वहिनी माझ्या बाजूने आहेत. पत्रिका अजून छापायला गेलेली नाही, तेव्हा ज्यांना काही म्हणायचंय त्यांनी याच आठवड्यात म्हणून घ्यावं.