पाठीवरचे मूल

३ जानेवारीला महाविद्यालयांतून सावित्रीबाई फुले यांच्यावर भाषणे होतात. आम्हीही करीत आलो आहोत. भाषणाचा साचा ठरलेला असतो. १८४८ ची शाळा, वाटेत अंगावर फेकलेले शेण, पिशवीतले दुसरे लुगडे, 'पहिली शिक्षिका' हे बिरुद, आणि शेवटी, घड्याळाकडे एक नजर टाकून, 'प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करताना त्यांना मरण आले' हे एक वाक्य. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतही हेच वाक्य याच जागी उतरते. आमची तक्रार या वाक्याविषयी आहे. एवढे मरण एवढ्या घाईने उरकणाऱ्या भाषेविषयी संशय घ्यायला हवा, आणि ती भाषा मुलांच्या हाती देणारे आम्हीच आहोत.

'रुग्णसेवा' या शब्दात काय काय दडपले गेले आहे ते पाहू. १८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेग पसरला. रोगाचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. पण तो पिसवांमार्फत माणसात येतो हे कोणाला ठाऊक नव्हते, हाफकिन यांची लस त्याच जानेवारीत मुंबईत प्रथम टोचली जात होती. अशा वेळी यशवंतने हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यात, शहराबाहेर, दवाखाना उघडला. सावित्रीबाईंनी रोगी तिथे पोचवण्याचे काम अंगावर घेतले. वय ६६. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच त्या तिथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या, असे चरित्रकार सांगतात. काखेत वा जांघेत गाठ आलेले, तापाने फणफणलेले मूल, त्याचा श्वास मानेवर, त्याच्या कपड्यांतल्या पिसवा आपल्या लुगड्यात. पुढे त्यांनाच प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

हे आयुष्याच्या अखेरीस अचानक सुचलेले पुण्यकर्म नव्हते. १८६३ मध्ये फुल्यांच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झाले. १८८४ च्या आपल्या टिपणात जोतीराव लिहितात की, तिथे ३५ विधवा बाळंत झाल्या आणि त्यांची ५ मुले जगली. उरलेली ३० दगावली. गर्भ लपवण्यासाठी आयांनी घेतलेल्या विषारी औषधांना त्यांनी त्याचा दोष दिला आहे. आकडा जोतीरावांच्या टिपणात आहे, पण बाळंतिणीची खोली, कपडे, गरम पाणी, निळे पडलेले अर्भक हे सगळे कोणाच्या हाताखालून गेले असेल? शुश्रूषेचे रीतसर शिक्षण सावित्रीबाईंनी घेतले नव्हते. तीसपेक्षा अधिक वर्षे त्या ते काम करीत होत्या, एवढे मात्र दिसते. आपल्या वाङ्मयेतिहासात 'काव्यफुले'ला (१८५४) जागा आहे, हल्ली पत्रांनाही आहे. या खोलीला नाही.

आता आईविषयी. 'माउली', 'माय', 'सावित्रीमाई' ही संबोधने आम्हाला खटकत नाहीत, त्यांचा वापर खटकतो. मराठीत आई म्हटले की वात्सल्य, आणि वात्सल्य म्हणजे पदराखाली घेणे, असे समीकरण आपण श्यामच्या आईपासून पुरते मुरवून घेतले आहे. सावित्रीबाई त्यात बसत नाहीत. काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी आपला म्हणून वाढवला, डॉक्टर केला. १८९० मध्ये जोतीरावांच्या अंत्ययात्रेत भाऊबंदांनी या दत्तकाच्या हक्काला हरकत घेतली, तेव्हा टिटवे स्वतः हाती धरून त्या पुढे चालल्या. मुलासाठी त्या कुठवर जात, हे यावरून कळावे. आणि हाच मुलगा सैन्यातल्या नोकरीवर, प्लेगपासून दूर असताना, त्यांनी त्याला बोलावून घेतले. साथीतून बाहेर काढण्यासाठी नव्हे, साथीत. त्याची पत्नी राधा १८९५ मध्येच वारली होती. अशा मुलाला मरणाच्या तोंडी बोलावणाऱ्या ममतेला आपल्या रसचर्चेत नाव नाही. म्हणून 'माउली' म्हणून मोकळे व्हायचे.

यापेक्षा गंभीर बाब पुढे आहे. १८९७ चा प्लेग मराठी मनात रँडच्या नावाने राहिला आहे. मार्चमध्ये गोऱ्या सोजिरांची घरझडती सुरू झाली, २२ जूनला चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. त्यावर लिहिले गेले, १९७९ मध्ये चित्रपटही निघाला. झडतीतला जुलूम खरा होता, लोकांचा संताप खरा होता, याबद्दल वाद नाही. पण त्या संतापात एक ठळक धागा विटाळाचा होता: शिपाई चुलीपर्यंत आले, देवघरात शिरले. त्याच शहराच्या वेशीवर, झडत्या जोरात येण्याच्या काही दिवस आधी, एका माळ्याच्या बाईने महाराचे मूल पाठीवर घेतले होते. एकाच साथीत स्पर्शाच्या दोन कथा घडल्या आणि आम्ही शिकवायला एक निवडली. दुसरी सांगताना तर त्या मुलाची वस्तीही गाळतो. 'एका आजारी मुलाला', बस्स. पांडुरंगचे नाव घेतले तर महारवाडा येतो, महारवाडा आला तर तिथे दुसरे कोण का गेले नाही हा प्रश्न येतो, आणि तास संपायला अजून वीस मिनिटे असतात.

कोणी म्हणेल, शिक्षिका म्हणून तरी स्मरण होते ना? होते, कारण ते आता सोपे आहे. मुलींच्या शाळेला आज व्यासपीठावरून कोणीच विरोध करत नाही. २०१४ मध्ये पुण्याच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले, तेही योग्यच झाले. शेण फेकणारे आपण नव्हेत, अशी श्रोत्यांची खात्री असते. रोग्याला, त्यातून परक्या वस्तीतल्या रोग्याला, हात लावण्याचा प्रश्न तेवढा निकालात निघालेला नाही. २२ मार्च २०२० ला आमच्या सोसायटीतही थाळ्या वाजल्या. परिचारिकांना 'देवदूत' म्हणण्यात आमच्यातले दोघे आघाडीवर होते. पुढच्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरांनी लिफ्ट वापरू नये असे ठरले, आणि त्या बैठकीत आम्ही गप्प बसलो. हे लिहिण्यास थोडी शरम वाटते, पण त्याशिवाय वरचे सगळे लिहिण्याचा आम्हाला अधिकार नाही.

यंदा आम्ही एक किरकोळ बदल करणार आहोत. चरित्र या वाङ्मयप्रकारावरच्या तासाला ते घाईचे वाक्य फळ्यावर लिहायचे आणि विद्यार्थ्यांना विचारायचे: यातले मूल कुठे गेले? त्याला कोणी उचलले, कुठून, आणि पाठीवरच का?