येऊरच्या जंगलातून निघालेला बछडा

निखिल अडवाणी दिग्दर्शित आणि पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सने घडवलेला ‘दिल्ली सफारी’ हा त्रिमितीय सचेतपट (अ‍ॅनिमेशनपट) ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रदर्शित झाला, पण तिकीटबारीवर त्याची उपेक्षाच झाली; सर्वोत्कृष्ट सचेतपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मात्र त्याला पुढे मिळाला. बुलडोझरांनी जंगल गिळले, बाप मारला गेला, तेव्हा बिबट्याचा बछडा युवराज माणसाची भाषा बोलणाऱ्या पोपटाला सोबत घेऊन थेट संसदेकडे निघतो, हे त्याचे कथानक. ते ज्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सुरू होते, त्याची पूर्वेकडील कड म्हणजे ठाण्याचे येऊर. त्यामुळे हा चित्रपट ठाणेकरांना परका नाही.

अशा चित्रपटात प्रत्येक प्राण्याच्या त्रिमितीय आकृतीत प्रथम ‘रिग’, म्हणजे सांधे वाकवता येणारा अदृश्य सांगाडा बसवतात, आणि मग सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने शेपटीच्या झटक्यापासून पापणीपर्यंतची हालचाल रचतात. पडद्यावरच्या एका उडीमागे अनेकांचे कष्ट असतात. एवढे कसब महाराष्ट्रात उभे राहूनही प्रेक्षकाने ‘हे मुलांचे’ म्हणून पाठ फिरवावी, हे खेदजनक आहे. शिवाय विषय तरी कुठे बालिश होता? जंगल आणि शहर यांची हीच गाठ पुढे प्रत्यक्षातही पडली: फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्यातील एका मॉलमध्ये खराच बिबट्या शिरला.

ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या शाळांनी आणि चित्रपट मंडळांनी हा चित्रपट मुलांना दाखवावा, आणि मोठ्यांनीही शेजारी बसून तो पाहावा.