खणखणीत म्हणायचे, नाणे मात्र पाहायचे नाही

मराठीच्या तासाला आपण एखाद्याला 'नाणावलेला' कवी म्हणतो, त्याची ओळ 'खणखणीत' ठरवतो, कुणाच्या कीर्तीला 'बट्टा' लागल्याचे सांगतो. हे शब्द सराफाच्या पेढीवरचे. नाणावणे म्हणजे नाणे पारखणे. बट्टा म्हणजे झिजलेल्या वा परक्या नाण्याच्या किमतीतली कपात. रूपके आपण उचलली आणि नाणे छांदिष्टांकडे सोपवून मोकळे झालो. ही वाटणी आम्हांला मान्य नाही.

स्पॅनिश रियालाचेच पाहा. मुलुंड ज्या साष्टी बेटावर आहे ते १५३४ पासून पोर्तुगिजांकडे होते, आणि १५८० ते १६४० पर्यंत पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचाच राजा होता. आठ रियालांच्या नाण्यावर ज्याचे नाव, त्याचीच या बेटावर सत्ता. पोतोसी आणि मेक्सिकोची ही चांदी सुरतेस येई. तेथील मोगल टाकसाळीत वितळून तिचे रुपये पडत.

हे नाणे वाचता येते. जुने असेल तर हातोड्याने ठोकलेले, वेडेवाकडे. मेक्सिकोत १७३२ पासून ते यंत्रावर पाडले जाऊ लागले : वाटोळे, दोन खांबांचे, सुमारे २७ ग्रॅम वजनाचे. १७७२ पासून दर्शनी बाजूवर राजाचा चेहरा आला. 'एम'च्या माथ्यावर चिमुकला 'ओ' असेल तर टाकसाळ मेक्सिकोची. यंत्राच्या नाण्याचे वजन किंवा कड जुळत नसेल, तर खुशाल संशय घ्यावा.

बाजारात मात्र चकाकीला भाव. चीनमध्ये फिरलेल्या डॉलरांवर व्यापाऱ्यांनी आणि आपल्याकडील रुपयांवर सराफांनी उमटवलेले पारखीचे ठसे अनेकांना डाग वाटतात. नाणी घासली जातात. पोथीच्या समासातील टीप खरवडणाऱ्यास आपण काय म्हणू? जमिनीत सापडलेला ठेवा तर थेट मुशीत जातो. दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांस कळवावा, असे १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो. पण कळवण्याआधीच अक्षरे वितळलेली असतात.

यावर 'हा इतिहासवाल्यांचा प्रांत' असे उत्तर ठरलेले. मग जुन्या कागदांतले होन आणि लारी शिकवताना आपण नेमके काय शिकवतो? नुसता शब्दार्थ! फोर्टमधील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचे दालन आहे. मुलुंडहून तेथे जायला लोकलचे तिकीट पुरते. विद्यार्थ्यांना एकदा तेथे न्यावे. ज्याने नाणे कधी निरखलेच नाही, त्याने कवितेस खणखणीत म्हणणे ही उसनवारीच होय.