रस्ते वाढले, वाटा खुंटल्या

शहर वाढलें म्हणजे रस्तेही वाढले, असें सामान्यतः समजलें जातें. परंतु रस्त्यांची लांबी वाढणें निराळें आणि ते एकमेकांस मिळणें निराळें. आमच्या परभणीकडे पाहिलें म्हणजे हा भेद ध्यानांत येतो.

जुन्या गांवठाणांतील गल्ल्या अरुंद व वांकड्या खऱ्या. पण एक गल्ली दुसरीस मिळते, आणि एक वाट अडली तर दुसरी सांपडते. पुढें १९७२ सालीं येथें कृषि विद्यापीठ स्थापन झालें. २०११ च्या जनगणनेंत शहराची लोकसंख्या तीन लाखांवर भरली व त्याच वर्षीं महानगरपालिका झाली. वस्ती वसमत, जिंतूर, गंगाखेड व पाथरी या मार्गांच्या कडेनें शेतांत पसरली. शेताचे गुंठे पाडून विकतांना प्रत्येक मालक आपल्या बांधापुरताच रस्ता आंखतो. पुढें बांध जातो आणि त्या जागीं भिंत येते. हा प्रकार महाराष्ट्रांत इतका बोकाळला कीं २००१ सालीं सरकारास गुंठेवारीचा कायदा करावा लागला. जगभरच्या रस्त्यांचे नकाशे तपासून दोघां संशोधकांनीं २०२० सालीं असेंच दाखविलें कीं, १९७५ नंतर जगाच्या मोठ्या भागांत नवे रस्ते अधिकाधिक तुटक होत गेले आहेत.

याचा भार मुलांवर पडतो. भिंतीपलीकडे, हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या मित्राकडे जावयाचें तर मोठ्या रस्त्यावर येऊन, मालमोटारी चुकवीत, वळसा घालावा लागतो. मग वडील आपल्या गाडीवरून सोडतात आणि त्याच रस्त्यावर आणखी एका गाडीची भर पडते. उद्यां आग लागली तर बंबासही तेंच एक तोंड!

बंद गल्ली शांत असते, तेथें मुलें निर्भयपणें खेळतात, असें कोणी म्हणतील. हें अगदींच खोटें नाहीं. पण मोटारी अडवाव्या, माणूस अडवूं नये. भिंतींत सायकल जाईल एवढी वाट ठेविली तर शांतताही राहील व शेजारही राहील.

प्लेगच्या सांथीनंतर मुंबईंत १८९८ सालीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्यानें दादर-माटुंग्यास घरांच्या आधीं रस्ते आंखले. तोच क्रम आम्हांस योग्य वाटतो. घर पाडून पुन्हां बांधतां येतें. रस्त्याची चूक मात्र नातवंडांस भोगावी लागते. म्हणून नवी वसाहत मंजूर करतांना तिचा रस्ता शेजारच्या रस्त्यास कोठें मिळतो, हें आधीं पाहिलें पाहिजे.

पालकांनीं भूखंड घेतांना दराबरोबर हाही प्रश्न विचारावा. आणि विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुटींत आपल्या वसाहतीचा नकाशा काढा, जेथें वाट खुंटली तेथें खूण करा, व तो वडील मंडळींस दाखवा. पायीं हिंडणाऱ्यास गांव जितका कळतो, तितका इतरांस कळत नाहीं.